परमिट

माझ्या फोनमध्ये त्याचं नाव ‘लाइनमन डीपी’ असं सेव्ह आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिंपळाखाली जी डीपी, म्हणजे विजेची वितरण पेटी, आहे, तिचा तो माणूस, म्हणून. चार-पाच वर्षं झाली असतील. पावसाळ्यात महिन्यातून दोनदा आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त वेळा मी त्याला फोन करत आले आहे. ४ जानेवारी २०२३ च्या पहाटेही केला. पाचाला थोडा वेळ होता. वर्ध्याची जानेवारीतली थंडी, आईला रात्रभर दम लागलेला, नेब्युलायझरचं मशीन घुरघुरत अर्ध्यावर आलेलं आणि लाइन गेली. समोरच्या ओळीत दिवे होते, म्हणजे एकच फेज गेला होता. मास्क नाकावर तसाच धरून आई अंधारात बसून राहिली. तिच्या छातीतली शिट्टी एरवी मशीनच्या आवाजात लपते, ती आता सगळ्या खोलीभर ऐकू यायला लागली. मी फोन लावला. त्यानं तो उचलला, हे आधी सांगायला हवं. पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाला, “संप आहे जी ताई, रात्री बारापासून. आज आमाले हात नाई लावता येत.” मी म्हणाले, “पगार तर घेता नं? मग म्हातारं माणूस गुदमरलं तर काय तुमचा झेंडा हुंगायला द्यायचा का त्याला?” पलीकडे चारसहा माणसांचं बोलणं ऐकू येत होतं, कोणीतरी खोकत होतं, बहुतेक शेकोटी पेटवून बसले असावेत. मग तो म्हणाला, “हो जी, ताई.” आणि फोन ठेवला.

आईचं निभावलं. शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवरून कुंपणावरून वायर ओढली, त्यांनी अर्धवट झोपेत चहाही दिला. नऊच्या सुमारास लाइन आली. कोणी जोडली, ते गल्लीत कोणालाच कळलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. दुपारी टीव्हीवर बातमी आली की ऊर्जा खातं ज्यांच्याकडे होतं त्या देवेंद्र फडणवीसांबरोबर बैठक झाली, खासगीकरण करणार नाही असं ते म्हणाले, तीन वर्षांत पन्नास हजार कोटी गुंतवू असंही म्हणाले, आणि बहात्तर तासांचा संप पुरता एक दिवसही न चालता मागे घेतला गेला. गल्लीतल्या एका गृहस्थांनी “मेस्मा लावला की कशी सुतासारखी सरळ येतात बघा” असा निकालही देऊन टाकला. मेस्मा म्हणजे अत्यावश्यक सेवांतल्या संपावर बंदी आणणारा राज्याचा कायदा. प्रकरण तिथंच मिटायला हवं होतं.

पण ते ‘हो जी’ काही जाईना.

आमच्याकडे ‘हो जी’ला बरेच अर्थ आहेत. ‘करतो’ हा एक. ‘करत नाही, पण तुमच्याशी वाद घालत नाही’ हा दुसरा. ‘तुमचं बरोबर आहे’ हा तिसरा आणि ‘तुम्ही मोठे लोक, तुम्हाला काय सांगायचं’ हा चौथा. त्या पहाटेचा नेमका कोणता, हे मला ठरवता येईना. दुसरं म्हणजे, झेंडा हुंगायला द्यायचं ते वाक्य माझं नव्हतंच. ते माझ्या आजोबांचं होतं. आणि ज्या माणसाला उद्देशून ते पहिल्यांदा बोललं गेलं, तो माझा बाप होता.

बाबा बोर्डात होते. आता तीन कंपन्या आहेत, एक वीज बनवते, एक वाहून नेते, एक घरोघर पोचवते. पण १९६० साली स्थापन झालेलं विद्युत मंडळ जून २००५ मध्ये मोडून त्या तीन झाल्या, त्याच्या आधीच बाबा रिटायर झाले होते, त्यामुळे शेवटपर्यंत ते ‘बोर्डा’तलेच राहिले. तेहतीस हजार व्होल्टचे अकरा हजार करणाऱ्या, तेहतीस-अकराच्या सबस्टेशनवर ऑपरेटर. क्वार्टर कुंपणाला लागून. माझं सगळं लहानपण ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणण्यात गेलं. पाहुणे आले की पहिल्या रात्री त्यांना झोप लागायची नाही आणि आम्ही कुठं गावाला गेलो की आम्हाला लागायची नाही. उन्हात तापलेल्या तेलाचा एक जडसर वास असायचा. बॅटरी रूममध्ये ॲसिडचा वास यायचा, तो नाकात कमी आणि जिभेवर जास्त लागायचा. बाबांच्या खाकी पँटींना गुडघ्याच्या वर बारीक बारीक भोकं पडलेली असत, ॲसिडच्या थेंबांची. आई ती रफू करता करता बोर्डाला शिव्या घालायची. मला सगळ्यात आवडायची ती ट्रान्सफॉर्मरच्या अंगाला लावलेली काचेची बरणी. आत सिलिका जेलचे निळे खडे. हवेतला ओलावा शोषून ते हळूहळू गुलाबी व्हायचे. गुलाबी झाले की बाबा ते काढून शेगडीवर लोखंडी तव्यात भाजायचे आणि ते पुन्हा निळे व्हायचे. पापड भाजताना मी अजूनही कधी कधी त्या रंगाची वाट बघते.

बाबांचं काम म्हटलं तर काहीच नव्हतं. दर तासाला उठायचं, मीटरवरचे आकडे बघायचे, लॉगशीटवर लिहायचे. व्होल्टेज, अँपिअर, तेलाचं तापमान. रात्री दोनलाही, तीनलाही. पण त्या शांत नोकरीत एक गोष्ट होती जिला बाबा देवासारखं मानत. परमिट. लाइनमनला तारेवर काम करायचं असलं की तो सबस्टेशनवर यायचा. मग बाबा त्या फीडरचा, म्हणजे त्या बाजूला जाणाऱ्या लाइनचा, ब्रेकर पाडायचे, आयसोलेटर उघडायचे, अर्थिंग करायचे, हँडलला ‘माणसे काम करीत आहेत’ अशी पत्र्याची पाटी अडकवायचे आणि परमिट बुकात वेळ, फीडर, माणसाचं नाव लिहून सही घ्यायचे. खाली कार्बन. काम झालं की त्याच माणसानं परत यायचं, माणसं उतरली, सामान काढलं, अर्थिंग काढलं असं लिहून सही करायची. मगच लाइन चालू.

एका संध्याकाळचं आठवतं. शेजारच्या गावाचा फीडर बंद होता. गावात कोणाकडे तरी लग्न होतं. काम कधीच झालं होतं, लाइनमनचा जोडीदार येऊन सांगूनही गेला होता की सगळे उतरले, लाइन सोडा. बाबा म्हणाले, “परमिट तुझ्या नावावर नाही.” तासाभरानं गावचे सरपंच पाचसहा जणांना घेऊन कंट्रोल रूमच्या दारात. आरडाओरडा. एकानं तर बाबांची कॉलर धरली, मी क्वार्टरच्या खिडकीतून बघत होते. बाबा खुर्चीत बसून राहिले, हात मांडीखाली दाबून, जणू हातांचा भरवसा नसावा. शेवटी दोन तासांनी तो लाइनमन आला. सायकल पंक्चर झालेली, हातात धरून चार-पाच कोस चालत. त्यानं सही केली. बाबांनी ब्रेकर टाकला, धाडकन आवाज झाला, लांब क्षितिजावर गाव उजळलं. जेवताना आई म्हणाली, “दुसऱ्यानं सांगितलं होतं नं तुम्हाला?” बाबा म्हणाले, “ज्यानं घेतलं त्यानंच परत करायचं असतं. दुसऱ्याच्या तोंडून नाही चालत.”

घरात युनियन होती ती एका पत्र्याच्या डब्यात. वर्गणीच्या पावत्या, लाल शाईचा शिक्का, दरवर्षीच्या तारेनं ओवलेल्या. महिन्यातून एखादी द्वारसभा, तीही बहुधा गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर उरकायची. बाबा काही फार मोठे कार्यकर्ते नव्हते. घोषणा द्यायची त्यांना लाज वाटायची, हात अर्धाच वर जायचा. पण नागपूरला ए. बी. बर्धन यांची सभा असली की ते हटकून जायचे. वीज कामगारांसाठी बर्धन म्हणजे काय होते, हे विदर्भातल्या जुन्या बोर्डवाल्यांना वेगळं सांगायला नको. पुढे ते दिल्लीत भाकपचे सरचिटणीस झाले, तरी बाबांच्या लेखी ते नागपूरचेच, १९५७ साली अपक्ष म्हणून निवडून आलेले. सभेहून आले की बाबा दोन दिवस जरा ताठ चालायचे. मग पुन्हा लॉगशीट.

मी चौथीत असताना संप झाला. गेटच्या बाहेर सतरंजी टाकून बाबा आणि इतर बसले होते आणि आत कंट्रोल रूममध्ये कुठूनतरी आणलेले दोन अधिकारी. क्वार्टर गेटच्या आत, त्यामुळे आईला बाबांचा डबा गेटच्या गजांमधून द्यावा लागायचा. तिसऱ्या रात्री कधीतरी ब्रेकर ट्रिप झाला आणि गुणगुण बंद पडली. मला जाग आली ती आवाज बंद झाल्यामुळे. खिडकीतून पाहिलं तर सतरंजीवरची सगळी माणसं उठून उभी राहिली होती. कोणी काही बोलत नव्हतं. बाबांनी गेटच्या कडीला हात घातला, काढला, पुन्हा घातला. आत ते साहेब टॉर्च घेऊन या पॅनलवरून त्या पॅनलकडे फिरत होते. बाबांना ठाऊक होतं काय झालंय ते, आवाजावरून कळायचं त्यांना. ते उभेच राहिले. मग खाली बसले. त्या रात्री त्यांच्यावर काय गुदरलं असेल ते मला आत्ता कुठे समजतंय असं म्हणणं खोटं होईल. नीट अजूनही समजत नाही.

चौथ्या दिवशी आबाजी आले, म्हणजे आईचे वडील. त्यांची आठ एकरांची शेती, त्यातल्या तीनात गहू, ओंबी भरायच्या बेताला आलेला, आणि विहिरीवरचा मोटारपंप बंद. एस.टी.तून उतरून थेट सतरंजीपाशी गेले. जावयाला आमच्याकडे ‘अहो’ म्हणतात, ‘बापू’ म्हणतात, आवाज चढवत नाहीत. आबाजींनी सगळ्यांसमोर चढवला. “जावईबापू, माझ्या गव्हानं काय आता तुमचा झेंडा हुंगावा का?” बाबा उठून त्यांच्या पाया पडले. उत्तर दिलं नाही. आबाजी आमच्या घरचं पाणीही न पिता परत गेले. त्या वर्षीच्या उतारीबद्दल पुढे कितीतरी दिवाळ्या आमच्या घरात बोललं गेलं. आणि मला दोघांचंही खरं वाटायचं. आजही वाटतं. संपाबद्दल बोलताना आपल्याकडची माणसं लगेच एका बाजूला जाऊन उभी राहतात. मी ज्या घरात वाढले तिथे दोन्ही बाजू एकाच पंगतीला जेवायला बसत आणि एकमेकांना वाढतही असत.

तर मग २०२३ च्या त्या पहाटेनंतर मी बाबांचा डबा काढला. आता त्यात पावत्यांबरोबर झुरळांची अंडी आणि बाबांच्या अक्षरातली एक वही आहे. वहीत अभ्यासवर्गाची टिपणं. एका पानावर १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचं बाविसावं कलम त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवलंय. सार्वजनिक उपयोगी सेवा, म्हणजे वीज, पाणी, टपाल, रेल्वे असल्या ठिकाणी संप करायचा तर सहा आठवड्यांच्या आतली नोटीस हवी. नोटीस दिल्यावर चौदा दिवस संप करायचा नाही. समेटाची बोलणी चालू असतील तोवर करायचा नाही आणि ती संपल्यावर सात दिवस नाही. आणि खाली, कंसात, जरा दाबून लिहिलेलं: नोटीस पोचली की समेट सुरू झाला असे धरतात. मला हे वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. म्हणजे संप करायचा तर नोटीस द्या, आणि नोटीस दिली की समेट सुरू, आणि समेट सुरू की संप बेकायदा. आट्यापाट्यात एक पाटी अशी असते की तिच्यावर उभ्या असलेल्या गड्याला चुकवता चुकवता डाव संपतो. बाबांनी बाजूला एक छोटं वर्तुळ काढलंय, बाणाचं, स्वतःच्याच शेपटीला टोचणारा.

मेस्मा ही त्याच्यावरची गोष्ट. त्याची मुळं १९६८ च्या सप्टेंबरातल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या एका दिवसाच्या संपापर्यंत जातात. तो मोडायला आधी अध्यादेश आला, मग कायदा. पुढे १९८१ मध्ये देशाचा एस्मा, मग राज्याराज्यांचे आपापले. महाराष्ट्राच्या कायद्याला मुदत असते. ती संपली की नवा करतात. जानेवारीतल्या वीज संपानंतर दोनच महिन्यांनी, जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचारी संपावर गेले त्याच दिवशी, १४ मार्च २०२३ ला, नवं मेस्मा विधेयक विधानसभेत चर्चेविना मंजूर झालं. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, ही त्यातली खोच. बाबांच्या शिस्तीत बसवायचं तर इथं हक्क कोणी घेतला त्याची सही, तारीख, वेळ सगळं असतं, परत द्यायला मात्र सायकल हातात धरूनही कोणी येत नाही.

नाही म्हणायला एकदा आलं होतं. मार्च २०१८ मध्ये अंगणवाडी सेविकांना मेस्मा लावला गेला. आमच्या मागच्या गल्लीत एक सेविका राहतात, त्यांनी तेव्हा मला विचारलं होतं, “मला पगार नाही, मानधन आहे. नोकर म्हणत नाहीत, सेविका म्हणतात. मग घरी बसले तर गुन्हा कसा होतो?” विधिमंडळात सत्तेतल्या शिवसेनेनंच गोंधळ घातला आणि काही दिवसांत आदेश स्थगित झाला. त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले नाहीत, खिचडीच्या हंड्यापाशी गेल्या आणि कामाला लागल्या. पण ‘अत्यावश्यक’ हा शब्द तेव्हापासून माझ्या कानाला खटकायला लागला. माणूस तीनशे चौसष्ट दिवस कोणाला आठवत नाही आणि ज्या दिवशी तो हात बांधून बसतो त्या एका दिवशी अत्यावश्यक होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘लाइनमन डीपी’.

हे मी लिहितेय आणि मला आईच्या छातीतली शिट्टीही ऐकू येतेय.

कारण वीज म्हणजे बिस्किटांचा कारखाना नव्हे. तो महिनाभर बंद राहिला तर मालकाचं नुकसान होतं, वीज तासभर गेली तर माझ्या आईचं. त्यामुळे संपाचा हक्क सरसकट द्यावा असं मला छातीठोकपणे म्हणवत नाही. जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय कामगार संघटनाही वीज, पाणी, दवाखाने यांना खऱ्या अर्थानं अत्यावश्यक मानते आणि तिथे संपावर बंदी चालू शकते म्हणते. पण तिची एक अट असते, आणि ती आपल्याकडे कोणी सांगत नाही. हक्क काढून घेतलात तर त्याच्या बदल्यात काहीतरी द्या: मालक आणि कामगार दोघांनाही मान्य असा त्रयस्थ लवाद, जो लवकर निकाल देईल आणि ज्याचा निकाल दोघांनाही पाळावा लागेल. आपण त्या संघटनेचे संस्थापक सभासद, पण संघटना करण्याच्या आणि सामूहिक वाटाघाटीच्या हक्काचे तिचे १९४८ आणि १९४९ चे दोन मूळ करार आपण आजवर मंजूर केलेले नाहीत. जपानसारख्या देशातही १९५२ च्या मोठ्या वीज संपानंतर वीजपुरवठा तोडणारा संप कायद्यानं बंद केला गेला, म्हणजे हा पेच काही फक्त आपलाच नाही. आपला पेच असा की २०२५ मध्ये नवी संहिता येईपर्यंत लवादाकडे प्रकरण पाठवायचं की नाही हे सरकार ठरवायचं, आणि वीज कंपन्यांचा मालकही सरकारच. एकाच माणसानं बॅटिंग करावी, बोलिंग करावी आणि पंचाची टोपीही घालावी, तसं. बाबांच्या वहीतलं ते वर्तुळ इथं येऊन मिटतं.

आणि नवी संहिता आली त्यात काय झालं? २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. मी ती वाचली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की सार्वजनिक सेवांवरचं ते वेगळं ओझं काढून टाकलंय. काढलंय खरं, पण ते उतरवून ठेवण्याऐवजी सगळ्यांच्याच डोक्यावर वाटून दिलंय. चौदा दिवसांची नोटीस आता बिस्किटांच्या कारखान्यालाही. निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप. जिच्याकडे एक्कावन्न टक्के कामगार, तीच वाटाघाटीची युनियन. आबाजी असते तर म्हणाले असते, एका बैलाला वेसण होती म्हणून इतर तक्रार करत होते, आता सगळ्यांनाच घातली, मिटला प्रश्न.

टक्केवारी म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर तो लाइनमन येतो. जानेवारी २०२३ च्या संपात, संपकरी संघटनांच्या कृती समितीच्या हिशेबानं, शहाऐंशी हजार कायम कर्मचारी, अधिकारी, अभियंते होते आणि बेचाळीस हजार कंत्राटी. मुंबईलगत भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई या भागात अदानी समूहाच्या कंपनीनं समांतर वीज वितरणाचा परवाना मागितला, म्हणून तो संप. आमच्या पिंपळाखालच्या डीपीचा मुलुंडशी काय संबंध, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण त्याहून मोठा प्रश्न मला वहीत सापडला नाही, कारण बाबांच्या काळात तो फारसा नव्हता: त्या बेचाळीस हजारांचा मालक कोण? कंत्राटी कामगार कामगार न्यायालयात गेला तर आधी ‘आपण नेमके कोणाचे नोकर’ हेच दुसऱ्या कोर्टात सिद्ध करून या, अशा अर्थाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्येच दिलेला आहे. मग एक्कावन्न टक्के मोजताना त्याला कोणाच्या टक्क्यात धरायचं? उत्तर प्रदेशात त्याच वर्षी मार्चमध्ये वीज कामगारांचा संप झाला, तेव्हा दोन दिवसांत हजारावर कंत्राटी कामगारांना घरी पाठवलं गेलं. संप मिटताना कारवाया मागे घेऊ असं मंत्र्यांनी सांगितलं. कायम माणसाला निलंबित करावं लागतं, चौकशी बसवावी लागते. कंत्राटी माणसाला फक्त उद्यापासून बोलवायचं नाही, एवढंच पुरतं. त्या पहाटे मी ज्याला पगाराचा टोमणा मारला, तो शेकोटीशी बसून या दोघांतला जास्त धोका पत्करत होता. आणि मी त्याच्याशी बोलले होते ते जणू तो माझा बाप असल्यासारखं: पेन्शन, क्वार्टर, ग्रॅच्युइटी असलेला.

त्याच्याशी हे कधी बोलणं झालं नाही. मध्ये दोन-तीनदा तो येऊन गेला, मी पाणी दिलं, “आजी कशी आहे जी?” असं त्यानं विचारलं, मी “बरी आहे” म्हणाले. मला वाटायचं, आज विषय काढू. मग वाटायचं, आता कशाला, तो विसरलाही असेल. खरं तर माफी मागायची नसली की आपण समोरच्याच्या विसरण्यावर भिस्त ठेवतो.

जूनमध्ये पहिला वादळी पाऊस झाला, मृगाच्या आधीचाच. पिंपळाची एक फांदी मोडून डीपीच्या तारांवर पडली. सगळी गल्ली अंधारात. मी फोन केला, वीस मिनिटांत तो मोटरसायकलवर आला, मागे एक नवखा पोरगा, खांद्यावर दोरखंड. अंगात रेनकोट, पायात रबरी चपला, एका हातात हातमोजा, दुसरा पोराच्या हातात. शिडी पिंपळाला लावून तो थांबून राहिला. मी म्हणाले, “चढत का नाही?” तो म्हणाला, “परमिट होऊ द्या नं जी.” इतक्या वर्षांनी तो शब्द ऐकून माझ्या पोटात काहीतरी हललं. मी उगाच हुशारी दाखवल्यासारखं विचारलं, “तुमच्या नावावर घेता की काय?” तो हसला. “आमच्या नावावर नाई देत जी, आमी ठेकेदाराचे. सायबाच्या नावावर असते. साहेब तिकडे नाल्यावरच्या फीडरवर गेले, ते फोनवर सांगतेत. मंग चढतो.”

“आणि परत कोण करतं?”

“तेच. मी सांगतो उतरलो म्हणून, ते सही करते.”

मी काही बोलले नाही. बाबा असते तर काय म्हणाले असते, याचा अंदाज होता, पण बाबांनी हे ऐकून घेतलंच नसतं. साहेबांचा फोन आला. त्यानं “हो जी, हो जी” म्हटलं, तारेवर डिस्चार्ज रॉड टाकला आणि खिशातला फोन काढून माझ्या हातात दिला. “ताई, पाण्यानं खराब होते, पकडा जरा. सायबाचा आला तर उचलजा.” एका हातात त्याचा फोन आणि दुसऱ्या हातात टॉर्च घेऊन मी पिंपळाखाली उभी राहिले. पानांवरून थेंब मानेत पडत होते. तो वर गेला, कोयता चालायला लागला, ओल्या लाकडाचा वास आला. ते मिनिट-दोन मिनिटं मी हात मांडीखाली घेऊन बसावं तशी उभी होते. फोनचा पडदा अजून उजळलेला होता, त्यावर आलेल्या कॉलची यादी. सगळ्यात वर साहेब. त्याच्या खाली वीस मिनिटांपूर्वीचा माझा नंबर.

नाव होतं, ‘आजी मशीन’.

वरून त्याचा आवाज आला, “ताई, टॉर्च जरा डावीकडे घ्या नं.” मी घेतला.